मापाची खुर्ची

१

काठीला मोजायचा टेप लावायचा नाही, आणि का लावायचा नाही ते विचारायचं नाही.

मामाच्या सुतारकामाच्या कारखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या तिला हा नियम मिळाला. करवतीजवळ ओढणी नको, सरसाचं भांडं उघडं टाकू नको, पटाशी धारेवर ठेवू नको, हे बाकीचे नियम मागाहून आले आणि येताना आपापली कारणं घेऊन आले. बोट जातं, सरस वाळतो, धार बोथटते. या एकाच नियमाला कारण नव्हतं. आणि बिनकारणाची गोष्ट तिला दातात अडकलेल्या धाग्यासारखी छळायची.

काठी दाराशेजारी खिळ्याला टांगलेली असे. छातीइतकी उंच, हात लागून लागून काळी तुकतुकीत झालेली, आणि एका कडेला सुरीनं पाडलेल्या खुणा. आकडा एकही नाही. लाकूड काठीला भिडवायचं, खूण लाकडावर उतरवायची आणि तिथं कापायचं. पाय इथवर, बैठक इथवर, हात इथवर. त्या काठीवरून एकच वस्तू बनायची, ती म्हणजे वरच्या खोलीतली खुर्ची.

"वर कोण राहतं?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"गिऱ्हाईक," मामा म्हणाला.

"कायमचं?"

"चहा गार होतोय तुझा."

मामा तसा लोण्यासारखा माणूस. गिऱ्हाइकाशी भाव करताना स्वतःच आधी खाली यायचा. पण काठीचा विषय निघाला की त्याचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा व्हायचा.

मिस्त्रींचं उलटं. ते तिच्या आजोबांच्या काळापासून इथं होते आणि त्यांची जीभ पटाशीपेक्षा धारदार होती. गणितात पदवी घेऊन, वर्षभर थंडगार ऑफिसात आकडे भरून, तिथं राजीनामा फेकून ही पोरगी सुतारकाम शिकायला आली, हे त्यांना पचायलाच बराच काळ लागला. त्यांनी तिचं नावच 'कॉलेज' ठेवलं.

"काय कॉलेज, रंधा मारतेस की लाकडाला गुदगुल्या करतेस?"

"गुदगुल्या करूनच सरळ झालंय बघा, मिस्त्री. तुम्ही दटावून दटावून वाकडं करता."

मिस्त्री गुण्या लावून बघायचे. लाकूड खरंच काटकोनात असायचं. मग ते नाकातून हुंकार काढायचे, आणि त्यांच्याकडून तेवढंही फार होतं.

तिला हवं होतं ते खिडकीजवळचं टेबल. इथं शिकलेला जो तो शेवटी वरची खुर्ची एकट्यानं करतो, आणि ती झाली की तो कारागीर ठरतो, त्याला स्वतःचं टेबल मिळतं. इतर कारखान्यांतून तिला हसून वाटेला लावलं होतं. एकानं तर पॉलिशच्या कामाला ये म्हणून सांगितलं, मुलींचा हात हलका असतो म्हणे. त्यामुळे खिडकीजवळच्या त्या टेबलाकडे ती रोज सकाळी आपल्याच घराकडे बघावं तशी बघायची.

२

वरची जुनी खुर्ची एका सकाळी खाली आली. मामा आणि मिस्त्री दोघांनी ती जिन्यावरून उतरवली, आतलं काही सांडेल अशी जपून धरून.

"हिचे सांधे ढिले झालेत," मामा म्हणाला. "ही मोड, बघून घे आणि काठीवरून नवी कर. एकटीनं."

तिची नजर थेट खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली.

झीज वाचायला मिस्त्रींनीच तिला शिकवलं होतं. दुरुस्तीला आलेल्या वस्तूवरून माणूस कळतो. शाळेतल्या बाईंची खुर्ची पुढच्या काठाला झिजते, कारण त्या टेकतच नाहीत. दुकानदाराच्या स्टुलाचा गल्ल्याकडचा पाय आखूड होतो. ती वाचण्यात आता पटाईत झाली होती, म्हणून तिनं खुर्ची मोडण्याआधी उजेडात फिरवून पाहिली.

बैठकीचा मध्यभाग कोरा होता. त्यावर कोणी कधी टेकलंच नव्हतं. झिजले होते ते बैठकीचे चारही कोपरे. खुर्चीच्या हातांवर कोपर टेकतं ती जागा खरखरीत, आणि हातांची खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत. पाठ झिजली होती, पण मागून. जिथं कोणाचीही पाठ लागू शकत नाही तिथं लाकूड घासून पातळ झालं होतं.

"मिस्त्री, यावर बसतात कसे?"

मिस्त्री करवतीला धार लावत होते. कानस थांबली नाही. "तुला बसायचंय का? नाही ना? मग मोड."

तिनं सांधे सोडवले. तेवढ्यात वर, छतापलीकडे, काहीतरी जमिनीवरून सरकल्यासारखं झालं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, सावकाश. पाऊल म्हणावं तर उचललं जात नव्हतं.

"त्यांना बसायला काही नाही तर ताटकळत असतील," ती म्हणाली. कोणीतरी म्हातारं, अपंग, अंथरुणाला खिळलेलं असावं असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. अशा माणसाची झीज वेगळीच असणार.

मामा हळूच म्हणाला, "म्हणूनच लवकर कर."

३

मामा आणि मिस्त्री एका घराची दारं बसवायला बाहेर गेले त्या दिवशी तिनं काठीला टेप लावला.

तिनं खुणा मोजल्या आणि एका प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं त्या खुर्चीत मावेल असा माणूस काढायला घेतला. गुडघा कुठं येईल, कंबर कुठं, कोपर कुठं. गणित तिच्या हातचा मळ होता. पण माणूस काही जमेना. गुडघा जागेवर धरला तर मांडी उरायची नाही. मांडी काढली तर कोपरं पाठीमागे जायची. शेवटी जे रेखाटलं गेलं त्याकडे बघून ती आधी हसली आणि मग तिनं ते पॉलिश पेपरनं घासून टाकलं.

काठीच चुकलीय, दुसरं काय. पण काठी चुकेल कशी? लाकूड आटतं ते रुंदीत, लांबीत नाही, हे तिला इथंच शिकवलं होतं. मग कोणा आडमुठ्यानं सुरुवातीलाच खुणा चुकीच्या पाडल्या असणार, आणि पुढचे सगळे मान खाली घालून तीच चूक उतरवत राहिले. वडीलधाऱ्यांचं नेहमीचंच. आधी चुकायचं आणि मग विचारायला बंदी करायची.

वर पुन्हा ते सरकणं झालं. बिचारं कोणीतरी आयुष्यभर त्या चुकीच्या खुर्चीत अवघडून बसलंय, ती मनात म्हणाली. माझ्या हातची पहिली खुर्ची अशी नसेल.

ती खोक्यावर बसली आणि तिनं स्वतःचं माप घेतलं. टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर, बैठक ते कोपर. पुढच्या पायांमध्ये खाली एक आडवी पट्टीही टाकली, कारण तिला स्वतःला बसल्यावर टाच पट्टीवर टेकवून ठकठक वाजवायची सवय होती.

खुर्ची सुरेख झाली. सांधे असे बसले की नख शिरणार नाही. दोघं परत आले तेव्हा ती दारातच उभी होती, शाबासकीची वाट बघत. पण त्याच वेळी वर धाडकन काहीतरी भिंतीवर आपटलं आणि छतातून भुसा गळला. मामा घाबराघुबरा होऊन पुढे आला. "झाली ना? उचल मिस्त्री, उचल."

अर्ध्या जिन्यात मिस्त्री थांबले. त्यांचा तळवा खुर्चीच्या हाताखालून फिरला, मग पायावरून.

"मालक, ही काठीवरची नाही."

मामानं वरून वळून तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता ओरडेल, आणि उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. पण मामा ओरडला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच.

"जुनी मोडली?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत मोडायला."

वर दुसऱ्यांदा धाडकन झालं. मामानं डोळे मिटले. "चल, मिस्त्री," तो म्हणाला.

दोघं वर गेले आणि रिकाम्या हातानं खाली आले. टेबल मात्र तिला मिळालं. मामानं स्वतः ते पुसून दिलं, आणि पुसताना तिच्याकडे बघितलं नाही.

४

सरकणं बंद झालं. त्याऐवजी पहिले काही दिवस वरून करकर ऐकू यायची. घट्ट खाचेत लाकूड ठोकून बसवताना येते ना, तशी. दाबल्यासारखी, बेतानं, थांबून थांबून.

"नवीन खुर्ची आहे. सांधे बसतायत," ती म्हणाली.

मिस्त्री म्हणाले, "सांधेच बसतायत." त्या दिवसापासून त्यांनी तिला कॉलेज म्हणणं सोडलं. थट्टा नाही, टोमणा नाही. तिला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मग करकर थांबली आणि ठकठक सुरू झाली.

ती आपल्या टेबलाशी स्टुलावर बसून खाच कोरत होती. टाच सवयीनं वाजत होती. थोड्या वेळानं तिला वाटलं, आवाज घुमतोय. छत लाकडी, वरची खोली मोकळी, घुमणारच. तिनं टाच थांबवली.

वरची थांबली नाही. एक, दोन, जरा दम, मग तिसरी. अगदी तिच्याच लयीत.

तिनं मामाकडे पाहिलं. मामा एका फळीला रंधा मारत होता. फळी केव्हाच गुळगुळीत झाली होती, तरी तो मारतच होता.

दुसऱ्या सकाळी तिच्या टेबलावर एक सांधा होता. ड्रॉवरचा कोपरा, कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत बसवलेला. हा सांधा तिला अजून साधलेला नव्हता. रोज एक दात तुटायचा. हा निर्दोष होता. मिस्त्रींनी तो उचलला, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा क्षणभर उजळला.

"आज हात बसला बघ तुझा."

"मी नाही केला हा."

"तुझाच हात आहे. तू करवत शेवटी डावीकडे किंचित ओढतेस. ही बघ रेघ." आणि मग त्यांना स्वतःचंच वाक्य ऐकू आलं असावं. त्यांनी सांधा टेबलावर ठेवला आणि बोटं पँटला पुसली.

काल संध्याकाळी दमल्यावर मीच केला असेल, तिनं स्वतःला समजावलं. दमलं की हात आपोआप चालतो. तिनं पटाशी उचलली. महिन्यापूर्वी विकत घेतलेली पटाशी. तिची लाकडी मूठ अंगठ्याच्या जागी खोलगट झाली होती, वर्षानुवर्षं वापरलेल्या मुठीसारखी. तिनं अंगठा ठेवला. तो त्या खोलग्यात चपखल बसला.

५

घरी आई तिला म्हणाली, "पुन्हा भूक लागली?"

"पुन्हा म्हणजे? आत्ता तर येतेय."

"अगं, मगाशी आलीस, स्वयंपाकघरात बसलीस, टाच वाजवलीस." आई हसली, पण हातातला चमचा तसाच राहिला. "मी पाठमोरी होते. मी म्हटलं, हात धू आधी. तू म्हणालीस, धुते."

"आई, तू पाहिलंस मला?"

"पाहायचं काय त्यात? आपलं माणूस ओळखू येत नाही का?"

स्वयंपाकघरातल्या तिच्या खुर्चीखाली थोडा बारीक भुसा पडला होता. तिनं तो बोटावर घेतला. तिच्या कपड्यांतून रोज पडतो तसाच भुसा. कालचा असेल. आईनं झाडू मारला नसेल. पण आई दिवसातून दोनदा झाडते, हे तिला ठाऊक होतं.

त्या रात्री ती झोपली की नाही, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. सकाळी मात्र डोकं स्वच्छ होतं. हा सगळा भित्र्या लोकांचा कारभार आहे. वर माणूस आहे, त्याला दार आहे, दार उघडून बघायचं. सोपं.

दुपारी मामा आणि मिस्त्री लाकडाच्या वखारीत गेले. ती जिना चढली. ऊन खिडकीतून थेट पायऱ्यांवर पडलं होतं, बाहेर रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होतं. असल्या वेळी भ्यायचं तरी कशाला?

वरचं दार पूर्ण मिटत नसे. लाकूड फुगलं होतं. फटीतून तिला आपल्या खुर्चीची पाठ दिसली. काम चांगलं झालंय, हा पहिला विचार मनात आला, आणि त्या विचाराची तिला पुढे कायम किळस वाटली.

खुर्चीच्या हातावर एक कोपर टेकलं होतं. तिनं मोजलं होतं तिथंच, केसभरही इकडेतिकडे नाही. बाही दुमडलेली, कामाला बसताना ती दुमडते तशी. खाली पट्टीवर एक टाच वाजत होती. मांडीवर लाकडाचा तुकडा असावा, कारण पॉलिश पेपर फिरल्याचा आवाज येत होता, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, न थांबता. मग तो थांबला. फू. भुसा उडवल्याचा आवाज. ओठ एका बाजूला करून फुंकल्यावर येतो तसला, अर्धा शिट्टीसारखा. मिस्त्री तिला त्यावरून चिडवायचे.

तिनं श्वास रोखला. टाच वाजायची थांबली.

कोपर खुर्चीच्या हातावरून उचललं गेलं, मान वळवताना उचललं जातं तेवढंच.

ती जिना उतरली कशी ते तिला आठवत नाही. खाली आली तेव्हा बाहेरची स्कूटर सुरू झाली होती आणि तिच्या टेबलावरच्या अर्धवट फळीवर ताजा भुसा होता.

६

मामानं आईला कारखान्यात बोलावून घेतलं. दार आतून लावलं. मिस्त्री भिंतीला टेकून उभे राहिले. ती मध्ये उभी होती. बसायला तिनं नकार दिला होता.

"बोला," ती म्हणाली. "आता तरी बोला."

मामानं घसा साफ केला. "काठीचं माप कोणाचंच नाही. मुद्दामच. कोणाच्या अंगाला लागू नये असं जुळवलंय ते. वरचं जे आहे ते... ज्या खुर्चीत बसवू तसं होतं. काठीच्या खुर्चीत ते कोणासारखंच होत नव्हतं. बसून होतं बिचारं, इतकी वर्षं."

"वरचं जे आहे ते म्हणजे काय?"

"आम्हाला नाही माहीत. खरंच नाही. बाबांनी सांगितलं, काठी मोडू नका, मोजू नका. आम्ही नाही विचारलं."

"ही एवढीशी गोष्ट मला पहिल्या दिवशी सांगता आली नाही?"

"सांगितलं असतं तर तू हसली असतीस," मिस्त्री म्हणाले. "आणि मोजून बघितलंच असतंस."

"नाही सांगितलंत म्हणून मोजलं, मिस्त्री! हसले असते, पण स्वतःचं माप नसतं टाकलं त्यात. तुम्ही नुसतं गप्प बस म्हणालात. तुम्हाला कोणीतरी गप्प बसवलं, तुम्ही मला बसवलंत. एवढंच केलंत जन्मभर."

"आवाज हळू," आई म्हणाली, आणि तिनं छताकडे पाहिलं.

मग मामानं सांगितलं, त्यांनी काय ठरवलंय ते. काठीवरून नवी खुर्ची मिस्त्री करतील. पण ते त्या खुर्चीत बसेल, असं आता कोणी सांगू शकत नाही. त्याला हात मिळालेत, हातांना काम मिळालंय. ती जे शिकते ते त्याला येतं. मिस्त्रींचं म्हणणं, तिनं हत्यार खाली ठेवलं तर ते हळूहळू विसरेल. रंधा नाही, करवत नाही, पेन्सिलसुद्धा नाही. इथून लांब जायचं, ऑफिसात बसायचं, परत कधी लाकडाला हात लावायचा नाही.

"किती दिवस?"

मामा बुटाच्या टोकानं भुसा सारत राहिला.

"कायमचं," ती म्हणाली. "असंच ना? आणि ते माझं टेबल?"

"टेबलाचं काय घेऊन बसलीस, बाळा," आई काकुळतीला आली. "जीव मोठा की टेबल? सोड म्हणतात तर सोड. मोठी माणसं तुझ्या भल्याचंच सांगतायत."

"आणि ते नाही विसरलं तर? मी तिकडे आकडे भरत बसायचं आणि इथं माझ्या टेबलाशी ते? माझ्या हातानं? मग एक दिवस तुम्हाला वाटेल, चाललंय की सगळं. पोरगी कामाला लागलीय, उलट उत्तर देत नाही. सांधेही निर्दोष करते."

'असं होणार नाही' असं कोणी म्हणालं नाही. ते तिच्या ध्यानात आलं. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर तो क्षणभराचा उजेड तिनं पाहिला होता. आईनं पाठमोरं असताना हात धू म्हटलं होतं, आणि उत्तर ऐकून तिचं समाधान झालं होतं.

वर टाच वाजत होती. एक, दोन, जरा दम, मग तिसरी.

"पाया पडतो तुझ्या," मामा म्हणाला. "एवढं ऐक. हत्यार ठेव."

तिनं टेबलावरची पटाशी उचलली. मूठ हातात अशी बसली की तिला ती फेकून द्यावीशी वाटली, आणि तिनं ती अधिक घट्ट धरली.

"नाही सोडणार," ती म्हणाली. "मी शिकलेय ते माझं आहे. नाही सोडणार."

वरची ठकठक थांबली.

मामाचं तोंड उघडं राहिलं. आईनं तिला जवळ घ्यायला हात पुढे केला होता, तो अर्ध्यातच राहिला. मिस्त्री भिंतीपासून सुटून सरळ झाले. त्यांना पटलंय, असं तिला अर्धा क्षण वाटलं. मग तिनं त्यांचे डोळे पाहिले. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, मग जिन्याकडे, मग पुन्हा तिच्या तोंडाकडे. 'नाही सोडणार' हे तिच्या तोंडून आलं की वरून, ते ठरवता येत नसल्यासारखे.